वहाणा बाहेर, पाहुणा आत
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याला एकीने घरगुती विषयावर थोडा वेळ बोलावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर लोणची-पापड झाले, मुलांचे अभ्यास झाले, वाढदिवसाचा खर्च झाला. या खेपेला चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आणि माझी झोप उडाली. चारचौघींत गप्पा मारणे निराळे आणि उभे राहून बोलणे निराळे.

विषय सुचला तो आपल्याच हळदीकुंकवाच्या दिवशी. सभागृहाच्या दाराशी चपलांचा हा एवढा ढीग! घरी जाताना एकीच्या पायात एक चप्पल स्वतःची नि दुसरी परक्याची. दुसऱ्या दिवशी निम्मा गाव चपलांची अदलाबदल करत फिरत होता. आपण सगळ्याजणी पोट धरधरून हसलो. पण मला त्या ढिगाकडे बघून दुसरेच काही आठवत होते. ते आज सांगायचे आहे. विषय एवढाच, की पाहुण्याने आपल्या घरात येताना वहाणा काढाव्यात की नाही, आणि काढायच्या तर त्या कशा काढवून घ्याव्यात.

तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय आहे? आपल्याकडे काढायच्याच असतात. मीही परवापरवापर्यंत असेच म्हणत होते.

आधी रीतीची बाजू सांगते. माझे माहेर गुहागर तालुक्यातले. घर चिऱ्याचे, वर नळे, आणि आतली सगळी जमीन शेणाने सारवलेली. पुढे अंगण, मग दोन पायऱ्या, मग ओटी, पडवी, माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर. वहाणा पायरीच्या खाली राहायच्या. त्या ओटीवर येण्याचा प्रश्नच नसे. सारवलेल्या जमिनीवर टाचेचा जोडा चालला की पोपडे निघतात. शिवाय त्याच जमिनीवर आम्ही पाट टाकून जेवायचो, तिथेच पोरे रांगायची, तिथेच चटई टाकून झोपायचो. जमीन हेच आमचे टेबल, जमीन हीच खुर्ची आणि जमीन हाच पलंग. मग तिच्यावर गुरांच्या वाटेवरचा चिखल कोण येऊ देईल?

म्हणजे या रीतीच्या मुळाशी सोवळेओवळे असेल तेवढे असो, पण माती आणि शेण हे मोठे कारण आहे. माझी भाची सांगते की जपानात घराचा दरवाजा उघडला की पहिली जागा मुद्दाम खोलगट असते. जोडे तिथे काढून वरच्या पायरीवर चढायचे, आणि आत घालायला वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात. स्वीडन-फिनलंडसारख्या बर्फाच्या देशांतही लोक घरात जोडे घालून फिरत नाहीत. त्यांच्याकडे ना देवघर, ना सोवळे. पण बर्फाचा राडा आहे. ज्याच्या दारी चिखल, त्याच्या दारी ही रीत, असे मला आपले वाटते.

आणि वहाण ही वस्तूच अपवित्र, असे तरी आपण कुठे मानतो? भरताने नंदिग्रामात सिंहासनावर ठेवल्या त्या रामाच्या पादुकाच. दत्ताच्या ठिकाणी आपण डोके टेकतो ते पादुकांवरच. तेव्हा दोष वहाणेत नाही. दोष तिच्या तळाला लागलेल्या घाणीत आहे.

आता बाईमाणसाची बाजू. ही बाजू पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. फरशी पुसते कोण? तुम्ही नि मी. आमच्या घरच्या तीन खोल्या आणि ओटी पुसायला 4 बादल्या पाणी लागते. पावसाळ्यात दोनदा पुसायचे म्हणजे 8 बादल्या. कंबर मोडून फरशी पुसावी, ती अजून ओली असावी, आणि तेवढ्यात कोणी तरी बुटासकट थेट आतपर्यंत यावे, तो लाल मातीचा ठसा उंबऱ्यापासून कपाटापर्यंत उमटावा, हे ज्या बाईने सोसले तिलाच ठाऊक. तो ठसा फरशीवर उमटत नाही, आपल्या पाठीवर उमटतो. म्हणून दाराशी वहाणा काढणे हा त्या घरातल्या बाईच्या कष्टांना दिलेला मान आहे, असे मी मानते. एवढे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून ‘ही बाई घरात चिखल आणा म्हणते’ असा कोणी अर्थ घेऊ नये.

आता माझ्या घरची गोष्ट.

22 जुलै 2021 चा पूर आपल्या चिपळूणकरांना सांगायला नको. वाशिष्ठीचे पाणी रात्रीतून चढले. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता तेही म्हणाले की असे पाहिले नव्हते. आमच्या घरात माझ्या डोक्याच्या वर पाणी होते. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर. पाणी ओसरल्यावर खाली आलो तो गुडघाभर गाळ. देवघर आडवे पडलेले, तांदळाचे पिंप उलटे, अंथरुणे चिखलात लडबडलेली.

तिसऱ्या दिवशी बाहेरगावची काही मुले आली. कुठली, कोणाची, ठाऊक नाही. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात फावडी. दाराशी एक मुलगा थबकला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाला, “आजी, बूट घालून आत येऊ का?”

माझ्या सासूबाई म्हणजे कडक शिस्तीच्या. पंचवीस वर्षांत त्यांनी उंबऱ्याच्या आत कोणाची वहाण येऊ दिली नव्हती. मुलांच्या शाळेच्या बुटांनासुद्धा ओटीच्या खालीच कोनाडा होता. त्या त्या मुलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळा, तू विचारलंस यातच सगळं आलं. ये. देवघरात आधी ये.”

त्या मुलांनी गमबुटांनिशी देवघरातला गाळ उपसला. देव शोधून दिले. बाळकृष्ण सापडला तो एका मुलाच्या हाताला, फावडे बाजूला ठेवून बोटांनी चाचपताना. सासूबाईंनी त्या गाळभरल्या हातातून तो घेतला आणि पदराने पुसला.

पुढे आशाताई गोळ्या घेऊन आल्या. त्यांनी सांगितले की उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू या पाण्यात नि चिखलात उतरतात, आणि पायाला जखम असेल, भेगा असतील किंवा कातडी भिजून मऊ झाली असेल तर तिथून अंगात शिरतात. सगळी सफाई होईपर्यंत घरातही अनवाणी चालू नका. त्या दिवसापासून महिनाभर सासूबाई रबरी चपला घालून चुलीपुढे उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा. मी हसले तेव्हा त्या म्हणाल्या, “हसतेस काय? घाण बाहेर होती तेव्हा वहाण बाहेर. आता घाण आत आहे.”

भगिनींनो, एवढे सरळ तत्त्व माझ्या डोळ्यांपुढे घडले होते. तरी मी ते दीड वर्षात विसरले. कशी विसरले ते ऐका.

घर पुन्हा उभे करायला वेळ लागला. कर्ज काढले. जुनी शहाबादी फरशी पार उखडली होती. तिच्या जागी पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत टाइल्स बसवल्या. अगदी खरे सांगते, त्या फरशीचा मला अभिमान झाला होता. पुरात सगळे गेले आणि हे एक नवे, स्वच्छ, माझे असे मिळाले. मी ती दिवसातून तीनदा पुसायची. 2022 च्या मार्गशीर्षात आम्ही सत्यनारायण घातला. चाळीस-पन्नास माणसे येणार. माझ्या धाकट्या मुलाने कागदाची तोरणे केली आणि भिंतीवर, दाराच्या चौकटीला टाचण्यांनी लावली.

मी दाराशी उभी. येईल त्याला हसून “या, या” म्हणायची आणि लगेच, “चपला बाहेर हं, नवी फरशी आहे.”

आमचे मामा आले. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. वय त्या वेळी 71. खेडहून एस.टी.ने आले होते. पायात काळे, जाड, मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल. मला ते जरा विचित्रच वाटले. मामा उंबऱ्याशी थांबले. माझ्याकडे बघितले. काही तरी बोलावे असे त्यांच्या मनात होते, हे मला आज कळते. मी म्हटले, “मामा, चपला बाहेर हं.” मागे आणखी पाहुणे उभे होते. मामांनी भिंतीला हात टेकला, वाकले, आणि पट्टे सोडू लागले. बसायला तिथे काही नव्हते. एका पायावर तोल सावरत त्यांनी दुसऱ्या पायातला सँडल काढला. मी त्यांना हात दिला नाही. मी पुढच्या पाहुण्यांना “या, या” म्हणत होते.

पूजा झाली. प्रसाद झाला. मामा आतबाहेर करत होते, पोरांशी बोलत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फरशी पुसायला घेतली, तर स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंत लाल ठिपके. मला वाटले कुंकू सांडले. ओल्या फडक्याने पुसले तर ते कुंकू नव्हते. रक्त होते. मी मुलांचे पाय पाहिले, कोणालाच काही नाही. आणि बायांनो, लाज वाटते सांगायला, पण मला त्या क्षणी राग आला होता, की माझ्या नव्या फरशीवर हे कोणी केले.

चौथ्या दिवशी खेडहून फोन आला. मामांच्या तळव्यात टाचणी घुसली होती. घरी जाईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मामींनी चादरीवर डाग पाहिला तेव्हा कळले. पाय सुजला, ताप भरला. मामांना वीस वर्षे मधुमेह. दवाखान्यात पंधरा दिवस काढले, आणि शेवटी अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले.

टाचणी टोचली आणि कळली कशी नाही, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावून सांगितले ते तुम्हांलाही सांगते, कारण आज घरोघरी मधुमेह आहे. हा आजार बरीच वर्षे राहिला की पायाच्या शिरांची जाणीव कमी होत जाते. काटा रुतला, चटका बसला, फोड आला तरी माणसाला समजत नाही. पायाकडचे रक्तही कमी होते, त्यामुळे जखम भरत नाही, चिघळते. म्हणून अशा माणसांना डॉक्टर बजावून सांगतात की घरातसुद्धा अनवाणी चालू नका. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली पादत्राणे घाला. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना ते बघा. रोज रात्री तळवे तपासा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांकडून बघून घ्या किंवा आरसा धरा. मामांचे ते ‘विचित्र’ सँडल म्हणजे त्यांचे औषधच होते. मी त्यांना औषध दाराबाहेर ठेवायला लावले होते.

मी सासूबाईंबरोबर दवाखान्यात गेले. सासूबाई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मामांच्या पायाला हे एवढे बँडेज. मी त्यांच्या उशाशी बसून रडायलाच लागले. म्हटले, “मामा, मी तुम्हांला चपला काढायला लावल्या.”

मामा म्हणाले, “सूनबाई, तू सगळ्यांनाच सांगत होतीस. मला डॉक्टरांनी बजावलेलं होतं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागे माणसं उभी होती. त्यांच्यापुढे आपलं दुखणं काय सांगायचं, असं वाटलं. आणि नवी फरशी म्हणालीस. पुरात तुमचं काय गेलंय ते मला ठाऊक आहे. म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा.”

म्हणजे बघा. त्यांनी माझे मन जपले. मी फरशी जपली.

घरी आल्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या, “पूजेत देवाला बोलावलं की आधी काय देतात गं?” मी म्हटले, “आसन.” “आणि मग?” “पाद्य.” “आणि माझ्या भावाला?”

मला उत्तर नव्हते. आपण सगळ्याजणी ती पूजा किती वेळा ऐकतो. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य. या म्हणावे, बसायला द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे. मगच पुढचे. चौरंगावरच्या देवाला मी त्या दिवशी हे सारे यथासांग दिले, आणि दारातल्या 71 वर्षांच्या माणसाला एका पायावर उभे केले.

मग मला माझ्या माहेरची ओटी आठवली. तिथे वहाणा पायरीखाली काढायच्या हे मला आठवत होते, पण तिथे आणखी काय होते ते मी विसरले होते. पायरीशी पाण्याची बादली आणि लोटा असे. कोणी आले की आजी ओरडायची, “अगो, पायांवर पाणी घाल.” आम्ही मुली लोटा घेऊन धावायचो. मग ओटीवर घोंगडी किंवा चटई. मग गूळ आणि पाणी. उन्हातून आलेला माणूस पाय धुऊन, टेकून बसला की त्याचा चेहरा कसा निवायचा! वहाणा काढणे ही त्या स्वागताची पहिली पायरी होती. आपण काय केले? पाहुण्याने द्यायचे ते मागून घेण्याची रीत ठेवली, आणि आपण द्यायचे ते सगळे सोडून दिले. बादली गेली, लोटा गेला, चटई गेली. राहिले ते एवढेच, “चपला बाहेर हं.”

शीखांच्या गुरुद्वारात जोडे ठेवायला जोडाघर असते. तिथे चांगल्या घरची माणसे येणाऱ्यांचे जोडे स्वतःच्या हातांनी घेतात, पुसतात, नीट ठेवतात, आणि ही सेवा मोठ्या मानाची समजतात. आपल्या पंढरीच्या वाटेवरही चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात, आणि कोणी कोणी त्यांचे पाय चोळून देतात. अशा ठिकाणी वहाण काढताना माणूस लहान होत नाही.

पण वहाण काढायला लावून माणसाला लहान करता येते, हेही आपण विसरू नये. आपल्याच महाराष्ट्रात अस्पृश्य मानलेल्या माणसांना मोठ्यांच्या आळीतून, वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. तिथे फरशी मळण्याचा प्रश्न नव्हता. रस्ताच तो. तिथे फक्त ‘तू खालचा’ एवढे सांगायचे होते. तीच क्रिया, पण एका ठिकाणी आदर आणि दुसऱ्या ठिकाणी अपमान. फरक कशात आहे? सांगणाऱ्याच्या मनात आहे.

आणि ते मन आपल्या आजच्या दारातही कधी कधी उभे असते. एक प्रश्न विचारते, रागावू नका. साहेबमंडळी घरी आली, बँकेचे मॅनेजर आले, पुढारी आले, आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागले, की आपण काय म्हणतो? “असू दे, असू दे, राहू द्या!” आणि गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या मुलाला? “ए, चपला काढ आधी.” तीस किलोच्या आसपास ओझे खांद्यावर, आणि तो पायाने पायातली चप्पल काढतो आहे. भांडी घासायला येणाऱ्या बाईची चप्पल तर जिन्याखालीच ठेवायची, आपल्या चपलांच्या रांगेत नको. चिखल काही साहेबाच्या बुटाला कमी चिकटत नाही. मग नियम फरशीसाठी आहे की माणूस बघून आहे? मी स्वतः दोन्ही वाक्ये बोलले आहे. म्हणूनच हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

आणखी एक. पाय हा माणसाचा झाकलेला भाग आहे. तिथे त्याची गरिबी असते, कष्ट असतात. लग्न होऊन मी पहिल्यांदा यजमानांच्या एका बड्या नातेवाइकांकडे गेले तेव्हा माझ्या टाचांना शेतातल्या भेगा होत्या. तिथे पांढरी सतरंजी. मी संबंध दोन तास पाय साडीच्या काठाखाली ओढून बसले होते. चहा कसा होता ते आठवत नाही. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला तरुण मुलगा कसा अवघडून बसतो ते तुम्हीही पाहिले असेल. अशा वेळी आपली नजर त्याच्या पायावर जाऊ न देणे हेही पाहुणचारातलेच.

शाळेत असताना ‘श्यामची आई’ वाचले होते. आपल्या जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी, 1933 साली त्यांनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला लहानगा श्याम अंघोळ झाल्यावर तळवे मळू नयेत म्हणून आईला पदर पसरायला लावतो, आणि आई पसरतेही. पण मग म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसा मनालाही जप. किती वेळा डोळे पुसत वाचले असेल! पण ते माझ्या दारापाशी मला लागू पडायला मामांचे एक बोट जावे लागले.

आता शेवटी कामाचे बोलते. नुसते रडून काय उपयोग? आमच्या घरी मी काय बदल केला तो सांगते. पटेल तो घ्यावा.

पहिली गोष्ट, दाराबाहेर एक बाकडे ठेवले आहे. सुताराकडून जुन्या फळ्यांचे करून घेतले. वाकून, एका पायावर उभे राहून कोणाला वहाण काढावी लागत नाही. त्यावर दिवा लावला आहे. शेजारी पावसाळ्यात बादली नि तांब्या, आणि सुके पायपुसणे.

दुसरी, घरात घालायच्या धुतलेल्या सपाता चार जोड ठेवल्या आहेत. ज्याला गारठा सोसत नाही, टाच दुखते, त्याने घालाव्यात.

तिसरी, बोलण्याआधी बघायचे. म्हातारे माणूस, दिवस राहिलेली बाई, काठी घेतलेला, पायाला पट्टी असलेला, जाड तळाची वेगळी पादत्राणे असलेला, कोणीही असो, आपणच पुढे होऊन म्हणायचे, “तुम्ही तसेच या, मी पुसून घेईन.” तेही हळू, त्याच्यापुरते. चारचौघांत दुखणे विचारायचे नाही. मधुमेहाच्या पायांना दुसऱ्याच्या सैल सपाता चालत नाहीत. त्यांची स्वतःची पादत्राणे ओल्या फडक्याने तळ पुसून आत येऊ द्यावीत. फडके मी दाराशीच ठेवते.

चौथी, वायरमनला बोर्डाशी काम करताना कधीही अनवाणी करू नका. रबरी तळ त्याला विजेपासून जपतो. तसेच आजाऱ्याला न्यायला आलेली माणसे, डॉक्टर, सिलिंडरवाला, यांना अडवू नका. एक जुने गोणपाट त्यांच्या वाटेवर पसरले की झाले.

पाचवी, नियम करायचा तर सर्वांना एक. साहेबाला सूट आणि मोलकरणीला सक्ती, हे चालायचे नाही. आमच्याकडे आता काम करायला येणाऱ्या बाईची चप्पल आमच्याच रांगेत असते.

आणि सहावी, आपण पाहुण्या म्हणून जाऊ तेव्हासाठी. सांगण्याची वाट बघू नका. दाराशी आपणहून काढा आणि जोडीने कडेला ठेवा. त्या घरातल्या बाईनेही कंबर मोडून फरशी पुसलेली आहे. पण तुम्हांला खरोखर अडचण असेल तर मामांसारखे गप्प राहू नका. लाजायचे काही कारण नाही. “मला डॉक्टरांनी अनवाणी चालायला मना केले आहे,” एवढे एक वाक्य बोला. त्या एका वाक्याने एक बोट वाचू शकते.

मामा आज 70 च्या वर गेलेले असले तरी हिंडतेफिरते आहेत. गेल्या गणपतीत आमच्याकडे आले. मी बाकड्यापाशी उभी होते. फडके ओले करून त्यांच्या सँडलचे तळ मीच पुसले. ते नको नको म्हणत होते. मी ऐकले नाही. मग ते आपल्या त्या काळ्या सँडलनिशी थेट आत, गणपतीपुढे गेले आणि हात जोडले. सासूबाई बाजूला बसून फुलवाती करत होत्या. त्यांनी भावाच्या पायांकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले, आणि म्हणाल्या, “सूनबाई, दादाला गूळपाणी आण.” धाकट्या भावाला त्या लाडाने दादाच म्हणतात.

मी गूळपाणी आणले. फरशीवर दोन ओले ठसे उमटले होते. ते मी संध्याकाळपर्यंत पुसले नाहीत.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. चुकले माकले असेल तर सांभाळून घ्यावे. आणि घरी जाताना आपापल्या चपला नीट बघून घालाव्यात, ही विनंती.